खाटेचं दुसरं टोक

"दाजी, गल्लीत खाटा हायत," म्हणत बजरंगनं टेम्पो थांबवला. "वेशीकडनं वळसा मारू का?"

मी घड्याळ पाहिलं. साडेबारा वाजले होते. शाळेजवळ वेल्डर सकाळपासून आमची वाट बघत बसला होता आणि सामान पोचलं नाही तर एक वाजता तो दुसऱ्या गावच्या कामाला निघून जाणार होता. टेम्पोत स्वागतकमानीचे लोखंडी नळ होते आणि गुंडाळलेला फ्लेक्स होता. फ्लेक्सवर माझा हात जोडलेला फोटो, आणि खाली अक्षरं : 'तंटामुक्त निंबळवाडी आपले सहर्ष स्वागत करीत आहे.'

"वळसा कसला मारतोस? दोन मिनिटांचं काम. उतर खाली."

चार खाटा होत्या. प्रत्येकीवर जुनं लुगडं पसरलेलं आणि त्यावर ओळीनं घातलेल्या पांढऱ्याशुभ्र कुरडया. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. खाटेच्या एका टोकाला बजरंगनं धरलं, दुसऱ्या टोकाला मी. उचलली आणि भिंतीला टेकवून उभी केली. होय, उभी! साठ वर्षं ज्यानं कुरडया तळून खाल्ल्या त्याला एवढंही ठाऊक नसावं, की वरून वाळलेली दिसणारी कुरडई दुपारपर्यंत खालून ओलीच असते. पण खाणं वेगळं आणि घालणं वेगळं. चारही खाटा उभ्या करून आम्ही टेम्पोत बसलो. मी दारावर दोनदा थाप मारली आणि सवयीनं ओरडलो, "डबल बेल!"

एसटीत मी तीस वर्षं कंडक्टर होतो. एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे निघ. निवृत्त झालो, तरी दोन घंटा काही तोंडातून गेल्या नाहीत. जेवून उठलो की डबल बेल, देवाला हात जोडून झाले की डबल बेल. आमची मालन म्हणायची, "ह्यास्नी यम न्यायला आला तरी हेच घंटी मारत्याली."

गल्लीच्या तोंडाशी बजरंगनं आरशात पाहिलं. "दाजी, मागं कायतरी घसरलं वाटतं."

"येताना बघू. चल तू."

येताना आम्ही दुसऱ्या रस्त्यानं आलो.

त्या वर्षांत गावागावांत तंटामुक्ती समित्या झाल्या होत्या. गावातली भांडणं कोर्टकचेरीत न जाता गावातच मिटावीत, असा हेतू. निंबळवाडीच्या समितीचा मी अध्यक्ष होतो आणि एक्केचाळीस तंटे मिटवल्याचा मला मोठा तोरा होता. माझी पद्धत एसटीतलीच. दोन्ही बाजूंना समोर उभं करायचं, "झालं गेलं गंगेला मिळालं" म्हणायचं, छापील कागदावर सह्या घ्यायच्या, चहा पाजायचा, गळाभेट घडवायची. पुढं सरका, मागच्यांना जागा द्या! अर्ध्या तासात तंटा मिटायचा. मिटलेली माणसं पुढं वर्षभर एकमेकांच्या दारावरून जाताना तोंड फिरवायची, पण ते काही कागदावर येत नसे. शनिवारी जिल्ह्याहून तपासणीला साहेब येणार होते, आणि आजचा वार होता मंगळवार.

दुपारी दोनला मालन घरी आली ती तणतणतच. मी जेवायला बसलो होतो.

"कुणाच्या हाताला किडं पडलं देव जाणे! सोनाक्काच्या कुरडयांचा पार चिखल झाला. लुगड्यासकट खाली आल्या. कोंबड्या नाचत हुत्या त्याच्यावर!"

मी भाकरीचा तुकडा मोडत राहिलो. आमच्या गल्ल्यांत वाळवणाची पाळी असते. आज एकीच्या घरी, उद्या दुसरीच्या, सगळ्या बायका मिळून एकेका घरचं काम उरकतात. पहाटे तीनला उठून मालन सोनाक्काकडे गेली होती. म्हणजे त्या कुरडयांत माझ्या बायकोचेही हात होते, आणि मी खाटा उभ्या केल्या होत्या.

"कुणाचं काम असंल गं?" मी विचारलं. असं विचारायची लाज मला तेव्हा वाटली नाही. आता वाटते.

"टेम्पोच्या चाकांच्या खुणा हायत. गावात टेम्पो कुणाचा? आमच्या बजाचा! माझा चुलतभाऊ झाला म्हणून काय झालं, आज बघतेच त्याच्याकडं."

सोनाक्का मुळीक म्हणजे वयानं जेमतेम पन्नाशीची, पण गाव सगळं तिला आक्काच म्हणायचं. नवरा जाऊन पंधरा वर्षं झालेली. एकुलती एक लेक उज्ज्वला, तिचं पुढच्या बुधवारी लग्न. त्या कुरडया रुखवताच्या होत्या. लग्नात मुलीकडचं रुखवत मांडतात आणि मुलाकडच्या बायका एकेक ताट न्याहाळून बघतात. बाप नसलेल्या पोरीचं रुखवत उणं पडलं, तर बोलणाऱ्यांच्या तोंडाला कोण हात लावणार? आणि कुरडई काही बाजारातून आणून मांडायची वस्तू नव्हे. गहू तीन दिवस भिजायला लागतो. मग दळायचा, चीक काढायचा, तो रात्रभर निवळायचा, पहाटे शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून घालायचा. मग दोन-तीन दिवसांचं कडक ऊन. म्हणजे आज संध्याकाळी गहू भिजला तरच लग्नापर्यंत हाताशी येणार होतं.

सोनाक्कानं बजरंगच्या टेम्पोची किल्ली काढून घेतली आणि निरोप पाठवला, समिती आज बसली नाही तर मी उद्या पोलिसात जाते.

पाच वाजता शाळेच्या व्हरांड्यात समिती बसली. खुर्ची एकच, ती माझी. बाकी सगळे सतरंजीवर. मी छापील कागद काढला. म्हटलं, बजरंग माफी मागेल, सोनाक्का मोठ्या मनानं माफ करेल, बेचाळिसावा तंटाही मिटेल.

"थांबा अध्यक्ष," कालिंदीताई म्हणाल्या.

कालिंदीताई बाबर आमच्या अंगणवाडीच्या सेविका आणि समितीच्या सदस्य. वय तिशीतलं, बोलणं मऊ, पण हटवादी. महिन्यापूर्वी त्या तालुक्याला कसल्याशा शिबिराला जाऊन आल्या होत्या आणि तेव्हापासून त्यांच्या वहीच्या पुठ्ठ्यावर तीन प्रश्न लिहिलेले असत. काय झालं? कुणाचं काय गेलं? काय केलं म्हणजे भरून येईल? मी त्यांना 'तीन प्रश्नवाल्या ताई' म्हणून चिडवायचो.

"ताई, लहान पोरांच्या गाण्यागोष्टी इथं नकोत. साधं भांडण आहे."

"साधं असेल तर लवकर होईल. एक्केचाळीस वेळा आपण कागद आधी काढला. आज आधी आक्कांना विचारू. मी विचारल्याशिवाय सही करणार नाही."

त्यांच्या सहीशिवाय कागद पुरा होत नव्हता. मी हात झटकला. "विचारा बाई."

ताई सोनाक्काकडे वळून बसल्या. "आक्का, तुमचं काय गेलं?"

मला वाटलं, आता ही गहू सांगेल, सरपण सांगेल. सोनाक्का सतरंजीचा धागा ओढत बोलू लागली.

"कुरडया गेल्या, त्या तर समद्यांनी बघितल्या. पण ताई, बुधवारी माझी उज्ज्वला सासरी जाणार. मग त्या घरात मी एकली. आजपातूर दार सताड उघडं टाकून मी झोपत आले. ही गल्ली म्हंजे माझं माहेर हाय, अशी वागत आले. आन् आज माझ्या दारातनं माझीच खाट कुणी उचलली, मला ठावं न्हाई. मी आता कुणाच्या भरवशावर झोपू?"

 बजरंगनं मान खाली घातली. "आक्का, चुकलं माझं. म्याच केलं. एकट्यानं."

"एकट्यानं?" सोनाक्कानं त्याच्याकडे पाहिलं. "बाभळीच्या खाटा हायत माझ्या. एकट्यानं वढल्या असत्या तर धुळीत पायांच्या रेघा उठल्या असत्या. एक रेघ न्हाई. खाट उचलून ठेवलीया, आन् खाट उचलायला दोन टोकं धराय लागत्यात. दुसऱ्या टोकाला कोण हुतं?"

 बजरंग माझ्याकडे बघतही नव्हता, इतका शहाणा. पण त्याचे कान लालबुंद झाले होते.

"बोल की रं!" मालन कडाडली. "कुणाला झाकतुयास? आमच्या पहाटे तीनपास्नंच्या मेहनतीचा चिखल केला त्यानं!"

"आक्का," कालिंदीताईंनी विचारलं, "काय केलं म्हणजे भरून येईल?"

"दोन गोष्टी. रुखवताच्या कुरडया पुन्यांदा व्हाव्यात, पण बायकांनी करायच्या न्हाईत. त्यांची पाळी झाली. ज्यांनी मोडल्या त्यांनी घालायच्या. आन् दुसरी, त्या दुसऱ्या टोकाच्या माणसानं माझ्याम्होरं येऊन सांगायचं, मी हुतो. बास. मला त्येला शिक्षा नको, आन् पोलिसात बी जायचं न्हाई."

खरं सांगतो, तेवढ्यातही मी हिशेब करत होतो. मी बोललो तर शनिवारी साहेबांसमोर काय तोंड दाखवू? फ्लेक्सवर हात जोडून उभा असलेला अध्यक्षच तंट्याचं मूळ! आणि नाही बोललो तर बजरंग मरेपर्यंत सांगणार नाही, हेही मला पक्कं ठाऊक होतं. एका घंटेची वेळ होती आणि तीस वर्षांत मला एका घंटेचा नेहमी कंटाळा. मग सोनाक्काकडे लक्ष गेलं. ती कुणावर डोळे रोखून बसली नव्हती. दाराकडे बघत होती, एखाद्यानं यावं म्हणून वाट बघावी तशी.

मी खुर्चीतून उठलो. 

"आक्का, दुसऱ्या टोकाला मी होतो. बजरंग वळसा मारू म्हणत होता, मीच नको म्हणालो. काहीतरी घसरलं हेही त्यानं सांगितलं. मीच थांबू दिलं नाही. मी चुकलो."

बाहेर कमानीवर वेल्डरची हातोडी वाजत होती. मग मालनचा आवाज आला.

"अवो, दुपारी माझ्याच हातची भाकरी खाल्लीत की! आन् वर मलाच इचारलंत, कुणाचं काम असंल गं?"

पहिल्यांदा हसली ती सोनाक्का. पदर तोंडाला लावून हसली, आणि मग सगळा व्हरांडा हसत सुटला. मी तेवढा उभा, घामानं ओलाचिंब.

"अध्यक्ष," कालिंदीताई हसू आवरत म्हणाल्या, "आता त्या खुर्चीवर नका बसू. इकडं या, बजरंगच्या शेजारी."

मी जाऊन बसलो. बजरंगनं हळूच कोपर मारलं. "दाजी, लई येळ लावला."

त्याच संध्याकाळी आमच्या घरचा गहू भिजला. बजरंगला किल्ली परत मिळाली, पण टेम्पो दारातच राहिला. रोज सकाळी आम्ही दोघं सोनाक्काच्या अंगणात जाऊन पाणी बदलायचो. तिसऱ्या दिवशी त्या गव्हाला असा आंबूस वास सुटला, की बजरंग म्हणाला, "दाजी, ह्यापेक्षा पोलिसात गेलो असतो." शुक्रवारी दळण झालं आणि चीक काढता काढता माझी मनगटं भरून आली. बायका ओट्यावर ओळीनं बसून बघायच्या. एकही उठून हात लावायची नाही, पण तोंडं सगळ्यांची चालू. "कंडक्टर, जोर लावा, फुकटची शीट न्हाई!"

शनिवारी पहाटे चीक शिजवायला घेतला. बजरंग ओतणार, मी हाटणार. पहिल्या हाटणीलाच गुठळ्या झाल्या. मालननं कपाळाला हात लावला, पण कबूल केल्याप्रमाणे जागची हलली नाही. नुसती लांबून ओरडत राहिली, "एकाच अंगानं हाटा! थांबू नगा! अवो, थांबू नगा म्हंते ना!" दुसरं पातेलं बरं साधलं. पहिल्या गुठळ्यांचा चीक गूळ-दूध घालून आम्ही सगळ्यांनी खाल्ला आणि तो मात्र फार छान लागला.

सोऱ्या फिरवणं हे निराळंच प्रकरण. माझी पहिली कुरडई पडली ती नकाशातल्या आमच्या तालुक्यासारखी. तिला ना गोलाई, ना मध्य. उज्ज्वला हसून हसून खांबाला टेकली. पण विसाव्या कुरडईपासून हात बसला. बजरंगचा तर माझ्याआधी बसला, त्याला स्टिअरिंगची सवय.

अकराला साहेब आले. शाळेत अध्यक्ष नाहीत म्हटल्यावर कालिंदीताईंनी त्यांना सरळ गल्लीतच आणलं. मी खाटेपाशी वाकलेलो, कोपरापर्यंत चिकानं माखलेलो. साहेबांनी एकदा कमानीवरचा फोटो आठवला असावा, एकदा मला पाहिलं.

"आपणच अध्यक्ष?"

"होय साहेब. हात जोडता येत नाहीत, चिकट आहेत."

"गावात सध्या एखादा तंटा शिल्लक आहे का?"

छापील उत्तर 'नाही' होतं. मी म्हणालो, "एक आहे साहेब. वाळतोय. सोमवारपर्यंत होईल."

साहेबांना काही उमगेना, तेव्हा सोनाक्कानं त्यांना ओट्यावर बसवलं, ताक दिलं आणि सगळं सांगितलं. साहेब हसले, मग गंभीर झाले, मग कालिंदीताईंच्या वहीच्या पुठ्ठ्यावरचे तीन प्रश्न त्यांनी आपल्या डायरीत उतरवून घेतले. त्या वर्षी आम्हाला बक्षीस मिळालं नाही. साहेबांनी शेऱ्यात लिहिलं होतं, एक तंटा प्रलंबित. खरंच होतं ते.

सोमवारी संध्याकाळी कुरडया कडकडीत वाळल्या. बजरंग मांडवाच्या सामानाला गेला होता. खाट आत न्यायची होती. सोनाक्कानं एक टोक धरलं आणि म्हणाली, "अध्यक्ष, धरा त्या टोकाला. आडवीच ऱ्हाऊ द्या बरं."

आम्ही खाट उचलली. उंबऱ्यापाशी ती थांबली.

"एक सांगू? त्या दुपारी मी आत पडले हुते, डोळा लागत हुता. बाहेर कुणीतरी वरडलं, डबल बेल."

 "म्हणजे तुला ठाऊक होतं? मंगळवारीच? मग समितीत का नाही बोललीस?"

"मी नाव घेतलं असतं तर तुमी कागद काढला असता. च्या पाजला असता." ती खाटेवरून माझ्याकडे बघत होती. "तुमी सोताहून येताय का, ते बघत हुते."

"आणि नसतो आलो तर?"

"तर काय? लग्नाला बोलावलं असतं, पंगतीला बसवून वाढलं असतं. आन् दुसऱ्या दिसापास्नं दाराला आतनं कडी घातली असती." तिनं पाय उंबऱ्याच्या आत टाकला. "चला, सांभाळून. चौकट खाली हाय."

बुधवारी लग्न झालं. माझ्या फोटोचा फ्लेक्स काढून त्याच लोखंडी कमानीला आंब्याचे डहाळे बांधले होते आणि ती तशीच जास्त शोभत होती. रुखवतात कुरडयांचं ताट मधोमध, आणि ताटाच्या मधोमध माझी ती पहिली वेडीवाकडी. व्याह्यांकडच्या एका म्हातारीनं ती उचलून विचारलं, "ही कुणी घातली गं बाई?" सोनाक्का ताठ मानेनं म्हणाली, "आमच्या गावच्या अध्यक्षांनी." म्हातारीनं माझ्याकडे वळून वळून पाहिलं. असा मान मला एसटीत किंवा समितीत कधी मिळाला नाही.

ऊन उतरल्यावर पाठवणी. पुढं नवऱ्या मुलाची जीप, मागं रुखवत घेतलेला बजरंगचा टेम्पो. उज्ज्वला जीपमध्ये बसली होती आणि सोनाक्का दाराला धरून उभी. दोघी रडत होत्या, मालन रडत होती, कालिंदीताई रडत होत्या. ड्रायव्हर एकदा हिच्याकडे बघे, एकदा तिच्याकडे. निघा म्हणायला कुणाची जीभ रेटेना.

शेवटी सोनाक्कानंच दार सोडलं. पदरानं डोळे पुसले आणि गर्दीत मला शोधलं.

"अध्यक्ष, तुमीच द्या आता. डबल बेल."

तीस वर्षांत किती गाड्या सोडल्या त्याची गणती नाही. त्या दिवशी माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. मी पुढं झालो आणि जीपच्या दारावर दोनदा थाप मारली.